पाटीमागचे कोळी

आमच्या घरात माणसाची पारख अक्षरावरून व्हायची. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सगळा बाजार त्यांना पेंटर म्हणायचा, आणि आईसुद्धा चिडली की "अहो पेंटर" म्हणूनच हाक मारायची. सरळ रेघ मारायला आपल्याला पट्टी लागत नाही, हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत. अशा माणसाची थोरली मुलगी म्हणजे माझी ताई, आणि तिचं अक्षर असं की दुसऱ्या दिवशी तिचं तिलाच वाचता येऊ नये. त्यातही 'ज्ञ' तिला कधीच जमला नाही. मधे एक गाठ मारायची, खाली एक शेपटी सोडायची आणि पुढं सरकायचं, असा तिचा ज्ञ. बाबा तिची वही हातात धरून म्हणायचे, "विज्ञान आवडतं म्हणे बाईंना. आधी विज्ञानातला ज्ञ तरी काढा." ताई मान खाली घालून ऐकायची आणि पुन्हा तसाच काढायची. मी धाकटी. माझं अक्षर चांगलं होतं, पण त्याचं कौतुक कुणी केलं नाही. आमच्याकडं चांगलं अक्षर असणं म्हणजे दोन हात असण्यासारखं होतं, त्यात काय सांगायचं!

सुट्टीच्या दिवशी बाबा आम्हा दोघींना शिडी धरायला न्यायचे. नवी पाटी लावायची तर आधी जुनी उतरवावी लागते, आणि जुन्या पाटीमागं वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नसतं. पाटी भिंतीपासून सुटली की मागून कोळी धावत सुटायचे. चपटे, राखाडी, काही तर चांगले बशीएवढे. मी किंचाळून शिडी सोडून द्यायची आणि वरून बाबा माझा उद्धार करायचे. ताई एका हातानं शिडी धरून ठेवायची आणि दुसऱ्या हातानं रिकामी काड्यापेटी उघडायची. त्या पेट्या ती घरी खिडकीत ओळीनं मांडायची आणि आई त्या गुपचूप बाहेर नेऊन झटकायची. ताईला ते कळायचं. ती पुढच्या सुट्टीत नवे कोळी आणायची. तिचं सगळं असंच होतं. आवाज नाही आणि माघारही नाही. मला तिचा राग यायचा तो त्यामुळंच.

शाळा संपल्यावर तिनं प्राणिशास्त्राला नाव घातलं. मामा घरी आला होता. त्यानं विचारलं, "म्हणजे जनावरांची डॉक्टर का?"

"नाही," ताई म्हणाली.

"मग शिक्षिका?"

"माहीत नाही."

"अगं, मग शिकून करणार काय?"

"प्राणी बघणार."

मामानं आईकडं पाहिलं, आईनं चहाकडं पाहिलं. बाबांनी मात्र बाजारभर सांगितलं की थोरली शास्त्रज्ञ होणार. घरी ते तिला "या शास्त्रज्ञ बाई" म्हणायला लागले, आणि म्हणताना ज्ञवर मुद्दाम जोर द्यायचे.

पहिल्या वर्षी झुरळाच्या तोंडाचे भाग सुटे करून काचपट्टीवर मांडावे लागतात. ताईचं अक्षर वाईट असलं तरी हात दगडासारखा स्थिर होता. सुईच्या टोकावर झुरळाचा जबडा उचलून तो न मोडता काचेवर ठेवणं तिच्या वर्गात तिच्याइतकं कुणाला जमायचं नाही. घरातली झुरळं त्या वर्षी कमी झाली, तेवढा तरी शिक्षणाचा उपयोग, असं आई म्हणायची. पण प्रॅक्टिकलच्या वहीत आकृत्याही काढायच्या होत्या, आणि तिथं बाबांना राहवलं नाही. ताई कॉलेजात असताना त्यांनी तिच्या वहीत पानभर झुरळ काढलं. पाठीवर चकाकी, पायांखाली सावली, मिशा अशा ताठ की आता पानावरून उतरून येईल. कॉलेजातल्या बाईंनी वही परत केली. खाली लाल शेरा होता: "हे झुरळ विक्रीला आहे का?"

ताईनं घरी येऊन समजावून सांगितलं. अशा आकृतीत छटा द्यायची नसते, सावली दाखवायची नसते, फक्त रेघ आणि ठिपके.

"पण झुरळ चकाकतं," बाबा म्हणाले.

"चकाकतं ना. पण ते काढायचं नसतं."

"का?"

ताईनं थोडा विचार केला. "कारण ते बघणाऱ्याला खूश करायला असतं."

बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ताईनं ते पान फाडलं नाही. पुढच्या पानावर तिनं आपलं वेडंवाकडं झुरळ ठिपक्यांनी काढलं आणि तेच तपासून घेतलं.

तिसऱ्या वर्षी सांगाडा जोडायचा होता. ताईनं खाटकाकडून कोंबडी आणली आणि हाडं स्वच्छ करायला आईच्या मोठ्या पातेल्यात उकळत ठेवली. आईला कळलं तोवर घरभर वास सुटला होता. आईनं आकाशपाताळ एक केलं नाही. हाडं निघाल्यावर तिनं ते पातेलं ताईच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे आता तुझं. जाशील तिथं घेऊन जा." ताईनं ते शब्दशः घेतलं. पुढं गावातल्याच विद्यापीठात एम.एस्सी.ला गेली तेव्हा पातेलंही विभागात गेलं.

तिथं तिला मॅडम भेटल्या. उंच, किडकिडीत, आयुष्यभर कोळ्यांवरच काम केलेल्या. त्यांच्या खोलीत खुर्च्यांपेक्षा नळ्या जास्त होत्या, त्यामुळं मुलं उभ्यानंच शिकायची. पहिल्याच दिवशी मॅडमनी दोन नियम सांगितले. पहिला नियम असा की नळीतली चिठ्ठी पेन्सिलनं लिहायची, कारण नळीत स्पिरिट असतं आणि स्पिरिट शाई खातं. दुसरा नियम, एकदा आत सोडलेली चिठ्ठी पुन्हा काढायची नाही. चुकीची निघाली तरी नाही. आपली दुरुस्ती दुसऱ्या चिठ्ठीवर लिहायची आणि तिच्या मागं सोडायची, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं की आधी कोण काय समजत होतं. ताईला हे इतकं आवडलं की तिनं घरी जेवताना सगळ्यांना सांगितलं. बाबा तेव्हा वर्तमानपत्रातल्या एका जाहिरातीच्या अक्षरांना नावं ठेवत होते. त्यांनी ऐकलं नसावं.

याच सुमारास बाजारात प्लॅस्टिकच्या छापील पाट्या आल्या. आत दिवा, बाहेर रंगीत चित्र, आणि सकाळी सांगितलं की संध्याकाळी तयार. बाबांचं काम बघता बघता बसलं. आधी मोठी दुकानं गेली, मग छोटी, शेवटी सायकल दुरुस्तीवालासुद्धा गेला, ज्याची पाटी बाबांनी मैत्रीखातर रंगवली होती. बाबा त्या पाट्यांकडं बघून न बघितल्यासारखं करत चालायचे. रोज सकाळी दाढी करून तयार व्हायचे आणि मग जायचं कुठं हे न सुचून खुर्चीत बसायचे. त्या दिवसांत मला त्यांची फार दया यायची आणि ती दाखवता यायची नाही, कारण दया दाखवली की ते खेकसायचे.

ताईनं प्रबंधाला विषय घेतला तो पाट्यांमागच्या कोळ्यांचा. रंगवलेल्या लाकडी किंवा पत्र्याच्या पाटीमागं कुठले कोळी राहतात आणि किती, नव्या प्लॅस्टिकच्या पाटीमागं कुठले आणि किती, एवढाच प्रश्न. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. "वा! लिही, म्हणावं कोळीसुद्धा त्या प्लॅस्टिकमागं संसार मांडत नाही."

"अजून बघितलं नाही, बाबा."

"बघ की. बघितल्यावर कळेलच."

मग वर्षभर उलटा प्रकार चालला. शिडीवर ताई, खाली शिडी धरून बाबा. बाजारातला प्रत्येक दुकानदार बाबांच्या ओळखीचा, त्यामुळं पाटी सैल करायला कुणी नाही म्हणायचं नाही. ताई एकेक कोळी नळीत घ्यायची, वर स्पिरिट ओतायची आणि भिंतीला टेकून पेन्सिलनं चिठ्ठी लिहायची. कुठलं दुकान, कशाची पाटी, किती उंचीवर. वहीत तिनं कुठल्या दिवशी कुठं गेलो ते लिहिलं होतं, पण कुठली नळी कुठली, हे फक्त त्या नळीतल्या चिठ्ठीवर. सगळे कोळी नीट ओळखून मग मोठा तक्ता करायचा, असं तिनं ठरवलं होतं. सत्र संपायच्या आत प्रबंध द्यायचा होता, आणि विभागातल्या संग्रहालयात मदतनिसाची एक जागा निघणार होती ती वेळेत प्रबंध देणाऱ्याला मिळणार होती. ताईला आयुष्यात एवढी एकच नोकरी हवी होती. ती कधी बोलली नाही, पण मी तिला एकदा संग्रहालयाच्या बंद दारावरची काच रुमालानं पुसताना बघितलं होतं.

आणि मग प्राणिशास्त्र विभागालाच वाळवी लागली. यावर मी इतकी हसले की ताई पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली. कपाटांना औषध मारायचं म्हणून सगळ्यांनी आपापलं सामान घरी न्यायचं ठरलं. ताईनं नळ्या आणून आमच्या बाहेरच्या खोलीतल्या फळीवर मांडल्या आणि वर्गाबरोबर समुद्रकिनाऱ्यावर अभ्यास सहलीला गेली. ती सहल सक्तीची होती.

मी दिवसभर विम्याच्या कचेरीत असायची. घरी बाबा, फळी आणि नळ्या. प्रत्येक नळीत ताईच्या हातची चिठ्ठी, म्हणजे बाबांच्या दृष्टीनं प्रत्येक नळीत घराण्याची बेअब्रू. परीक्षक बाहेरून येणार, नळ्या हातात घेऊन बघणार आणि म्हणणार, ही पेंटरची मुलगी? बाबांनी बाजारातून पक्क्या शाईचं बारीक टोकाचं पेन आणलं. नुसतं आणलं नाही, तर आधी एक चिठ्ठी लिहून ग्लासभर पाण्यात टाकून पाहिली. अक्षर फुटलं नाही. पाटी पावसात टिकली म्हणजे टिकली, हा त्यांचा धंद्यातला नियम. मग त्यांनी एकेक नळी उघडली, ताईची चिठ्ठी चिमट्यानं काढली, तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं मुंगीएवढ्या सुंदर अक्षरांत नव्या कागदावर उतरवलं आणि आत सोडलं. जुन्या चिठ्ठ्या ओल्या, चुरगळलेल्या होत्या. त्या कचऱ्यात गेल्या. आईला वाटलं, बरं झालं, माणूस कशात तरी रमला.

बाबांची एक पद्धत होती. पाटी तयार झाली की ते तिच्यावर कापड टाकून ठेवायचे आणि मालकालाच ते ओढायला लावायचे. ताई सहलीहून आली तेव्हा फळीवर स्वच्छ पांढरी चादर होती. ताईचे पाय वाळूनं भरलेले होते, खांद्यावर पिशवी तशीच होती. बाबा म्हणाले, "शास्त्रज्ञ बाई, ओढा."

ताईनं चादर ओढली.

नळ्या ओळीनं उभ्या होत्या. प्रत्येक नळीतलं स्पिरिट किंचित निळं झालं होतं, आणि प्रत्येक नळीत कोळ्याशेजारी एक कोरी चिठ्ठी होती. ताईनं एक नळी उचलून उजेडात धरली, मग दुसरी, मग तिसरी. चौथी उचलली नाही. बाबा पुढं झाले आणि त्यांचा चेहरा उतरला. ते धावत आत गेले आणि तो ग्लास घेऊन आले. "मी बघितलं होतं गं. पाण्यात बघितलं होतं. हे बघ, अजून आहे." ग्लासात तळाशी ती चिठ्ठी होती आणि तिच्यावरची अक्षरं ठसठशीत होती.

"बाबा, नळीत पाणी नाही. स्पिरिट आहे."

ज्या माणसानं जन्मभर टर्पेंटाइननं ब्रश धुतले त्याला याहून जास्त सांगायची गरज नव्हती. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"जुन्या कुठं आहेत?" ताईनं विचारलं. उत्तर आईनं दिलं.

मला वाटलं आता ताई रडेल, आदळआपट करेल. मी केली असती. तिनं पिशवी खाली ठेवली आणि पाय धुवायला गेली. ती परत येईपर्यंत बाबांनी स्वतःला सावरलं होतं. "थांब, हातपाय गाळायचं कारण नाही," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी खाली कोण उभं होतं? मी. प्रत्येक चिठ्ठी परत कुणी लिहिली? मी. मला सगळं आठवतंय. पेन्सिल दे."

ताईनं पेन्सिल दिली. का दिली, हे ती सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तिलाही आशा होती.

तो आठवडा बाबा टेबलाशी बसून होते. नळी उचलायची, कोळ्याकडं एक डोळा बारीक करून बघायचं, "हा शिंप्याच्या दुकानाचा, वरच्या डाव्या कोपऱ्यातला," असं म्हणायचं आणि नवी चिठ्ठी लिहून कोरीच्या जागी सोडायची. अडखळणं नाही, खाडाखोड नाही. सगळ्या नळ्या झाल्यावर ताई त्या घेऊन बसली. काही मोजके कोळी असे होते की ते तिला चेहऱ्यानं माहीत होते. एकाच्या एका बाजूचे पाय तुटलेले होते आणि तो तिनं औषधाच्या दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पाटीमागून काढला होता, हे ती झोपेतही सांगू शकली असती. बाबांनी त्याच्यावर सायकलवाल्याची जुनी पाटी लिहिली होती. असे जितके तिनं ताडून पाहिले त्यातले बहुतेक चुकलेले. मग तिनं बाबांच्या चिठ्ठ्यांवरून तक्ता करून पाहिला आणि मला हाक मारली.

जितके म्हणून मोठे, देखणे, नक्षीदार कोळी होते, ते सगळे रंगवलेल्या पाट्यांमागं होते, आणि त्यातलेही निवडक बाबांनी स्वतः रंगवलेल्या पाट्यांमागं. प्लॅस्टिकच्या वाट्याला चिल्लीपिल्ली आली होती. मी पोट धरून हसले. ताईही हसली, पण लवकर थांबली.

"मुद्दाम केलं असेल?" मी विचारलं.

"नाही गं. त्यांना तसंच आठवतंय."

मला त्या वेळी व्यवहार दिसत होता, आणि आजही वाटतं मी बोलले त्यात काही वावगं नव्हतं. "मग हेच दे की. निकाल छान आहे, बाबा खूश, तुझी नोकरी पक्की. परीक्षक काय एकेका कोळ्याला पत्ता विचारत बसणार आहे?"

"परीक्षक नाही विचारणार," ताई म्हणाली. "पण मला माहीत नाही ना हे कुठले आहेत. मग माहीत आहे असं कसं लिहू?"

"बापासाठी."

ती माझ्याकडं इतका वेळ बघत राहिली की मीच उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "जागा माहीत नसली तर तो नुसता मेलेला कोळी. पण टाकू नकोस. शिकवायला होतील." मग म्हणाल्या, "वर्ष जाईल तुझं. आणि संग्रहालयातली ती नोकरीही."

"हो, मॅडम."

"वडिलांना काय सांगशील?"

ताईनं त्याचा विचारच केला नव्हता. तेवढं काम मी केलं. परीक्षकांना आणखी नमुने हवेत म्हणून एक वर्ष वाढलं, तुमच्या नळ्या विभागात जपून ठेवल्यात, असं मी बाबांना सांगितलं. ताईला बोलायला लावलं असतं तर तिनं तोंड उघडताच सगळं बाहेर आलं असतं. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "बरं." जास्त काही विचारलं नाही. एरवी ते एका उत्तरावर गप्प बसणारे नव्हेत.

पुन्हा शिडी निघाली. एव्हाना बाजारात रंगवलेल्या पाट्या शोधाव्या लागत होत्या, त्यामुळं ताईला लांबलांबच्या गल्ल्यांत जावं लागे. बाबा बरोबर असायचेच. चिठ्ठी लिहून देतो असं ते एकदाही म्हणाले नाहीत. फक्त पेन्सिलींना टोक करून द्यायचे, पात्यानं, सुईसारखं. आपल्याच पाटीच्या जागी आलेल्या प्लॅस्टिकच्या पाटीखाली ते दोन्ही हातांनी शिडी धरून उभे असायचे आणि वरून ताई नळ्या खाली द्यायची. रंगवलेल्या पाटीमागून थोड्या. प्लॅस्टिकच्या पाटीमागून पिशवी भरून. बाबा नळ्या मोजून पिशवीत ठेवायचे.

संग्रहालयातली जागा ताईबरोबरच्या एका मुलाला मिळाली. ताईनं त्याचं अभिनंदन केलं आणि त्याला कुठल्या कपाटाची चावी कुठली ते दाखवलं. त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. ताईचं डोकं कधी दुखत नाही. वर्षानं तिचा प्रबंध झाला, परीक्षक आले, खूश होऊन गेले, आणि ताई एम.एस्सी. झाली. आणखी काही महिन्यांनी तो मुलगा फॉर्मॅलिनच्या वासानं सारख्या शिंका येतात म्हणून नोकरी सोडून गेला. मॅडमनी ताईला बोलावून घेतलं. तेव्हापासून ती तिथंच आहे. आईचं पातेलंही तिथंच आहे.

विभाग वर्षातून एकदा सगळ्यांना बघायला खुला असतो. ताईच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी बाबांना घेऊन गेले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन्सिल लावून आले होते. भिंतीवर ताईच्या कामाचा मोठा तक्ता होता. बाबांनी आधी त्याच्या छापील अक्षरांना नाक मुरडलं आणि मग तो वाचला. दिव्याच्या प्लॅस्टिकच्या पाट्यांमागं कोळी कितीतरी जास्त, जातीही जास्त. रंगवलेल्या पाट्यांमागं मोजकेच. मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होते.

"दिवा असतो ना आत," बाबा म्हणाले. "दिव्याला किडे येणार. किडे आले की हे आलेच."

"हो," ताई म्हणाली. "तेच लिहिलंय खाली."

"बरोबर आहे." मग ते म्हणाले, "माझ्या नळ्या कुठं आहेत?"

मी ताईला डोळ्यांनी खुणावलं. कपाटाची चावी हरवलीय म्हण, मॅडम घेऊन गेल्यात म्हण, काहीही म्हण. ताईनं खिशातून चावी काढली आणि खालचं कपाट उघडलं.

बाबांनी एक नळी घेतली. पुढं त्यांची चिठ्ठी होती, सुबक, एकसारखी, आठवड्याच्या मेहनतीची. त्यांनी नळी फिरवली. मागं ताईची चिठ्ठी होती: "जागा अज्ञात. पुढची चिठ्ठी नंतर आठवणीवरून लिहिलेली." त्यांनी दुसरी नळी उचलली, फिरवली. तिसरी उचलली. मला ताईचा भयंकर राग आला. एवढं खरं बोलून कुणाचं काय भलं होणार होतं?

"सगळ्यांत हेच?" बाबांनी विचारलं.

"सगळ्यांत."

बाबांनी नळी उजेडात धरली, डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाले, "हा ज्ञ आहे?"

"हो."

"असा असतो ज्ञ?"

"मला तेवढाच येतो, बाबा." ताईचा आवाज कापरा झाला होता. उभ्या आयुष्यात मी तो तसा तेवढाच एकदा ऐकला.

बाबांनी खिशातली पेन्सिल काढली. "कागद दे. तुमचा तो जाड कागद." ते तिथंच टेबलाशी बसले, डाव्या हातानं कागद दाबला आणि एक चिठ्ठी लिहिली. जागा अज्ञात. एवढंच. खडीसाखरेच्या खड्यांसारखी अक्षरं, एकही रेघ वाकडी नाही. ताईनं नळी उघडली, चिमटा घेतला आणि आपली चिठ्ठी बाहेर काढायला गेली तसा त्यांनी तिचा हात धरला.

"काढू नकोस. एकदा आत सोडलेली काढायची नाही ना?"

"तुम्ही ऐकलं होतं तेव्हा?"

"ऐकलं होतं. डोक्यात शिरलं नव्हतं." त्यांनी आपली नवी चिठ्ठी तिच्या हातात दिली. "तुझीही राहू दे. माझी ती पहिलीही राहू दे. ही मागं सोड."

माणसं येत होती, काचेतले साप बघत होती, जात होती. बाबा लिहीत होते आणि ताई नळ्या उघडत होती. संध्याकाळी दारं बंद करायची वेळ झाली तेव्हा निम्म्या नळ्या राहिल्या होत्या.

सकाळी मी कचेरीला निघाले तेव्हा ते दाढी करून तयार होते. पण खुर्चीत बसले नव्हते. आईला डबा मागत होते.

"कुठं निघालात एवढ्या सकाळी?" आईनं विचारलं.

"कामाला," बाबा म्हणाले.